पिण्याच्या पाण्याची जंतुपरीक्षा : अहवाल कसा वाचावा?

जनपदोध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती सांगितली आहे. विमानस्थानात विकृत उदकाची जी लक्षणे येतात ती सारी इंद्रियगोचर आहेत. गंध, वर्ण, रस आणि स्पर्श पालटलेले, क्लेदबहुल, जलचर पक्ष्यांनी सोडून दिलेले असे ते पाणी. सुश्रुताचार्यांनी द्रवद्रव्यविधी अध्यायात पाण्याचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा दोष मांडले. यांतील पहिले चार पाणी पिण्यापूर्वी कळू शकतात. वीर्याचा व विपाकाचा दोष मात्र ते प्याल्यानंतर, शरीरावर दिसणाऱ्या परिणामांवरूनच कळतो.

पाण्यातील जंतुदोष हा या दुसऱ्या प्रकारासारखा आहे. शास्त्रातील नेमक्या कोणत्या दोषात त्याची गणना करावी याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील. व्यवहारात मात्र स्वच्छ, गार, निर्गंध पाण्याच्या पेल्यात तो असू शकतो आणि रुग्ण अतिसार, आंत्रिक ज्वर किंवा कामला घेऊन आपल्यासमोर बसला म्हणजे त्याचा पत्ता लागतो. त्याआधी तो कळावा म्हणून जंतुपरीक्षा. शिवडी, लालबाग, परळ या भागांत व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे पावसाळ्याच्या तोंडाशी एकाच चाळीतून वा एकाच इमारतीतून असे रुग्ण येऊ लागले, की 'पाणी तपासून घेतले, अहवाल चांगला आला' हे वाक्य हमखास ऐकू येते. पाण्याचा विचार तेथेच थांबतो आणि बाहेरच्या खाण्यावर खापर फुटते. परीक्षा कशी होते हे ठाऊक असल्याखेरीज अहवालातील 'योग्य' या शब्दाचा अर्थ लागत नाही, आणि तो अर्थ आपणा वैद्यवर्गाला लागला पाहिजे असे आम्हाला वाटते.

शिवडीपर्यंतचा प्रवास

मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ पासून मध्य वैतरणा अशा सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यातील बहुतेक पाणी भांडुप संकुल व पांजरापूर येथे शुद्ध होते. तेथून ते मोठ्या जलवाहिन्यांनी शहरात येऊन गोलंजी, फॉसबेरी, भंडारवाडा यांसारख्या सेवा जलाशयांत साठते आणि ठरलेल्या वेळी वस्तीत सोडले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते सहसा निर्दोष असते. शिवडीच्या रुग्णाचा प्रश्न केंद्रानंतरच्या प्रवासात दडलेला आहे.

वाहिनीत दाब असतो तोवर एखादा सांधा सैल असला तरी पाणी बाहेर झिरपते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठ्याची वेळ संपली, दाब उतरला, की हीच क्रिया उलटी होते. सांध्याभोवतीचा ओलावा आत ओढला जातो. जेथे जुन्या वाहिन्या व गटारे शेजारून जातात, जेथे प्रत्येक जोडणीला मोटर लावून पाणी खेचले जाते, तेथे हा ओलावा कसला असतो हे सांगणे नको. बंदराच्या जमिनीवरील दाट वस्त्या आणि भरतीच्या पातळीला टेकलेली खोलगट जमीन यांमुळे शिवडीच्या पूर्वेकडील भागाला याची धास्ती अधिक.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. हुबळी-धारवाड येथे काही भागांत चोवीस तास आणि उरलेल्या भागांत खंडित पुरवठा होता. शहर एक आणि उगमही तेच. दोन्ही भागांतील नळांच्या पाण्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अखंड पुरवठ्याच्या नळांत ई. कोलाय हा जंतू शेकडा एकाहून कमी नमुन्यांत सापडला. खंडित पुरवठ्याच्या नळांत तो जवळजवळ एकतृतीयांश नमुन्यांत होता. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या लोंढ्यात जंतूंचे प्रमाण अधिक असते, हेही त्याच संशोधकांनी पुढे दाखवून दिले. आपल्या चाळींतून जुनी बायकामंडळी नळ आल्यावर पहिले पाणी धुण्याभांड्यासाठी काढून मग पिण्याचे भरतात. या सवयीला असा आधार आहे, हे रुग्णांना आवर्जून सांगावे.

धूम आणि वह्नी

पाण्यात प्रत्येक रोगाचा जंतू स्वतंत्रपणे का शोधत नाहीत, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात विसूचिकेचा जंतू शोधला, तो ऐन साथीत आणि परिश्रमाने. एरवी असे जंतू पाण्यात थोडे असतात, अधूनमधून येतात, त्यांची जात एक नसते आणि प्रत्येकाच्या वाढीसाठी वेगळी योजना करावी लागते. म्हणून प्रयोगशाळा वेगळा मार्ग घेते. मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ई. कोलाय हा जंतू नित्य व विपुल असतो. थेओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. तो पाण्यात सापडला म्हणजे त्या पाण्याचा पुरीषाशी नुकताच संबंध आला, आणि पुरीष आले तेथे पुरीषातून पसरणारे रोगही येऊ शकतात, असे अनुमान करता येते. ई. कोलाय स्वतः बहुधा निरुपद्रवी असतो. तो लिंग आहे, व्याधी नव्हे.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला ही भाषा परकी नाही. धूमावरून वह्नीचे अनुमान जसे, तसे ई. कोलायवरून पुरीषसंसर्गाचे. पण व्याप्ती एकाच दिशेने जाते, हेही आपण तर्कसंग्रहापासून शिकतो. धूम आहे म्हणून वह्नी आहे, हे खरे. धूम नाही म्हणून वह्नी नाही, हे खरे नव्हे. तापून लाल झालेल्या अयोगोलकात धूम नसतो, वह्नी असतो.

पाण्यातील अयोगोलकाचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाणी उपशाच्या जागी नाल्याचे सांडपाणी शिरले. ते ध्यानात येताच क्लोरीन वाढवण्यात आला. आंत्रिक ज्वर वा प्रवाहिका यांची साथ आली नाही, कारण त्यांचे जंतू क्लोरीनने मेले. पण पुढील काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कामला झाली. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून पुढे ठरले, की तो ई प्रकारच्या यकृतशोथाचा विषाणू होता. आपल्या राज्यात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये याच विषाणूची साथ आली. विषाणू आणि काही आदिजीव क्लोरीनला ई. कोलायपेक्षा अधिक दाद देत नाहीत. तेव्हा कामलेचे रुग्ण एका जागेतून येत असतील तर ई. कोलाय नसल्याचा अहवाल पाण्याला निर्दोष ठरवत नाही. अतिसाराच्या बाबतीत तो अहवाल पुष्कळ अधिक बोलका असतो.

प्रयोगशाळेत काय घडते

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० हे २०१२ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म आढळता कामा नये, आणि कोलिफॉर्म गटातील कोणताच जंतूही आढळता कामा नये. हा १०० मिलिलिटरचा आकडा ध्यानात ठेवावा.

सर्वांत जुनी पद्धत अनेक नळ्यांची. मॅकॉन्की यांच्या पित्तलवणयुक्त रसात पाण्याची ठरावीक मात्रा घालून नळ्या ३७ अंशांवर ४८ तासांपर्यंत ठेवतात. आत उलटी ठेवलेली लहान नळी असते. कोलिफॉर्म असल्यास शर्करेचे विघटन होऊन आम्ल व वायू तयार होतो आणि त्या नळीत बुडबुडा अडकतो. हा प्राथमिक निर्णय. त्यानंतर दुसऱ्या माध्यमात, ४४ अंशांच्या आसपास पुन्हा वाढवून तो पक्का करतात, कारण पुरीषातून आलेले कोलिफॉर्म त्या उष्णतेतही वाढतात, माती-पाल्यातले बहुधा वाढत नाहीत. किती नळ्यांत वायू आला यावरून कोष्टक पाहून 'संभाव्यतम संख्या' काढतात. अहवालात ती एमपीएन या अक्षरांनी येते. ही मोजलेली संख्या नव्हे, गणिताने काढलेला अंदाज आहे.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. १० मिलिलिटरच्या ५ नळ्या लावून एकीतही वायू आला नाही, तर कोष्टकाप्रमाणे उत्तर '२.२ पेक्षा कमी' असे येते. ते वाचून काही जण घाबरतात, काही जण त्याला शून्य समजतात. वस्तुतः पाहिले गेले अवघे ५० मिलिलिटर पाणी. मानकाला १०० हवे. त्यामुळे ५० मिलिलिटरची एक मोठी नळी जोडीला लावलेली होती का, हे प्रयोगशाळेला विचारावे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर प्रयोगशाळा बदलावी.

दुसरी पद्धत पटलगाळणीची. पूर्ण १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून ओढून घेतात. जंतू पटलावर अडकतात, पटल पोषक माध्यमावर ठेवले की २४ तासांत प्रत्येकाची वसाहत उठते व ती मोजता येते. दादर येथील महापालिकेच्या प्रयोगशाळेत शहरातील नमुने याच पद्धतीने तपासले जातात. ही पद्धत अधिक नेमकी आहे. मात्र पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर पटल तुंबते आणि इतर जंतूंच्या गर्दीत कोलिफॉर्म दबून जातो. नेमके जेव्हा उत्तर हवे तेव्हा ती अडते, असे म्हणावयास हरकत नाही.

विकरांवर आधारलेली तिसरी पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आली. चूर्ण पाण्यात विरघळवून २४ तास उबेत ठेवावे. पिवळा रंग आला तर कोलिफॉर्म, आणि अतिनील प्रकाशात निळी चमक दिसली तर ई. कोलाय. कौशल्य कमी लागते, खर्च अधिक येतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी चौथी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध केली. लोहक्षार, थायोसल्फेट व पेप्टोन यांत भिजवून वाळवलेली कागदपट्टी निर्जंतुक बाटलीत असते. त्यात खुणेपर्यंत पाणी भरून ते उबेत, म्हणजे ३० ते ३७ अंशांवर, ठेवावयाचे. आतड्यांतील अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात आणि पट्टी काळी पडते. मुंबईच्या हवेत बहुतेक महिने उबवणीच्या यंत्राचीही गरज पडत नाही. ही पट्टी संख्या सांगत नाही. होय किंवा नाही एवढेच सांगते. १८ तासांत काळी झाली तर संसर्ग जोरदार, ४८ तासांनी झाली तर सौम्य, असा ढोबळ अर्थ घेतात. शिवडीपुरती एक सूचना : कूपनलिकेच्या पाण्यावर ही पट्टी वापरू नये. खाडीकाठच्या काळ्या गाळात हा वायू निसर्गतः असतो, फ्लेमिंगो पाहावयास गेलेल्यांना ओहोटीच्या वेळी त्याचा वास आलेलाच असेल. असे सल्फाइड झिरपून कूपनलिकेत आले तर पट्टी जंतूंवाचूनच काळी होते. नळाच्या पाण्याला ही अडचण नाही.

नमुना कोठला?

अहवालाची निम्मी किंमत नमुन्यावर ठरते. रिकामी मिनरल वॉटरची बाटली खळबळून त्यात पाणी भरून आणलेला नमुना तपासण्यात अर्थ नाही. बाटली निर्जंतुक हवी आणि तीत सोडियम थायोसल्फेटचे थेंब हवेत. पाण्यात शेष क्लोरीन असतो. त्याला थायोसल्फेटने निष्प्रभ केले नाही तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बाटलीतले जंतू मारत राहतो आणि रुग्णाने जे पाणी प्याले त्याहून चांगले पाणी तपासले जाते. म्हणूनच बाटली आधी पाण्याने विसळू नये. औषध वाहून जाते. नळाचे तोंड ज्योतीने तापवून, पाणी दोन मिनिटे वाहू देऊन, वर थोडी मोकळी जागा ठेवून बाटली भरावी. बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत तपासणी सुरू व्हावी.

आता दोन मिनिटे पाणी वाहू दिले म्हणजे पहिला लोंढा निघून गेला. वाहिनीतील पाण्याची परीक्षा करण्यासाठी हे योग्यच आहे. पण रुग्णाने कदाचित पहिलाच लोंढा भरून घेतला असेल. शिवाय तो नळाचे पाणी पीतच नाही. तो पिंपातले, माठातले किंवा गच्चीवरील टाकीतले पीतो. म्हणून एका जागेतून अनेक रुग्ण आल्यास आमचा आग्रह असतो, की एकाऐवजी चार नमुने घ्यावेत : रस्त्यावरून इमारतीत येणाऱ्या जोडणीचा, जमिनीखालच्या टाकीचा, गच्चीवरील टाकीचा आणि घरातील पिण्याच्या भांड्याचा. पहिला निर्दोष व दुसरा दूषित असेल तर टाकीत गटाराचे पाणी झिरपते आहे. पहिले तीन निर्दोष व चौथा दूषित असेल तर घरात ओगराळ्याऐवजी हात घालून पेला बुडवला जातो आहे. पहिलाच दूषित असेल तर तो महापालिकेच्या जलखात्याला त्याच दिवशी कळवण्याचा विषय आहे, आणि त्यावर रहिवाशांनी टाकी धुऊन काही साधणार नाही. एकाच नमुन्याच्या अहवालावरून रहिवासी मंडळ, विभाग कार्यालय आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवत बसलेले आम्ही पाहिले आहेत. चार नमुन्यांनंतर तो वाद उरत नाही.

ई. कोलाय नाही पण कोलिफॉर्म आहे, असा मिश्र अहवालही येतो. टाकीतील बुळबुळीत थरात किंवा वाहिनीच्या आतील पुटात असे जंतू वस्ती करतात. तो अहवाल धोक्याचा नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नसतो. टाकी स्वच्छ करून पुन्हा नमुना द्यावा.

एका मिनिटाची परीक्षा

वरील सर्व पद्धतींत एक उणीव समान आहे. उत्तर येईपर्यंत एक ते तीन दिवस जातात आणि ते पाणी तोवर पिऊन झालेले असते. दररोजची राखण करावयाची तर शेष क्लोरीन पाहावा. ग्रामीण आरोग्यसेवेत काम केलेल्या वैद्यांना 'ओ.टी. टेस्ट' परिचित असेल : क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग तत्क्षणी वाचावा, काही मिनिटांनी वाचल्यास संयुक्त क्लोरीनही त्यात मिसळतो. ऑर्थोटोल्युडिनच्या विषारीपणाविषयी शंका असल्याने आता डीपीडीच्या गोळ्या वापरणे इष्ट. त्यांचा रंग गुलाबी येतो. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा. काल होता आणि आज नाही, तर वाटेत कशाने तरी तो खाल्ला आहे. जंतुपरीक्षेच्या दोन दिवस आधी मिळालेली ही सूचना होय.

आपल्यातील काही व्यवसायबंधू 'क्लोरीन हे रसायन आहे, ते टाळा' असा सल्ला देतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला आम्हाला मान्य नाही. ज्याला वास सोसत नाही त्याने पाणी उकळावे; क्लोरीन उडून जाईल आणि जंतूही उरणार नाहीत. न उकळता क्लोरीन काढून टाकणारी गाळणी लावून ते पाणी दिवसभर टाकीत ठेवणे मात्र निःसंरक्षण पाणी पिणे होय.

आपल्या चिकित्सालयातील पाणी

शास्त्रोक्त उपायांकडेही याच परीक्षेच्या डोळ्यांनी पाहता येते. निर्मळी म्हणजे कतकबीज पाणी निवळते, तुरटीही निवळते; गढूळपणासोबत बरेच जंतू तळाशी जातात, सारे नव्हे. सुश्रुताचार्यांनी प्रसादनाचे उपाय आणि अग्नीने क्वथन, सूर्यतापन, तप्त लोहपिंड निर्वापण हे उपाय वेगळे सांगितले, ही विभागणी मोलाची आहे. आधी निवळणे, मग निर्जंतुक करणे हा क्रम आजच्या शुद्धीकरण केंद्रातही पाळला जातो. ताम्रपात्राविषयी बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील विसूचिका, प्रवाहिका व आंत्रिक ज्वराचे जंतू वाढीस लागले नाहीत आणि पाण्यात उतरलेले तांबे मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिले. आनंदाची गोष्ट आहे; पण हा प्रयोग जंतूंचा होता, विषाणूंचा नव्हता. ताम्रपात्रातील पाणी तपासावयास देताना तसे प्रयोगशाळेला सांगावे. धातूचा परिणाम थोपवणारे द्रव्य बाटलीत घालावे लागते, अन्यथा अहवाल अकारण चांगला येतो.

क्वाथ, षडंगपानीय, उष्णोदक यांविषयी चिंता नाही. तेथे पाणी आटेपर्यंत उकळते. चिंता हिमाची आणि तंडुलोदकाची. धान्यक हिम किंवा तंडुलोदक न उकळलेल्या पाण्यात होते, रात्रभर झाकून राहते आणि द्यावयाचे कोणाला, तर रक्तप्रदराच्या वा दाहाच्या क्षीण रुग्णाला. त्यासाठी पाणी आधी उकळून गार करून घ्यावे. गुणात न्यून येत नाही. उकळून थंड केलेले पाणी शिळे झाल्यास त्रिदोषकर होते असे वाग्भटाचार्यांनी सांगितलेच आहे, आणि उकळताना क्लोरीन निघून गेलेले पाणी पुन्हा दूषित होण्यास कसे मोकळे असते हे वर आले आहे. तेव्हा सकाळी उकळलेले पाणी रात्रीच्या हिमासाठी वापरू नये, त्या वेळी नव्याने उकळावे. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या मध्यावर आपल्या चिकित्सालयातील पिण्याच्या पाण्याची एकदा कागदपट्टीने परीक्षा करावी, निकाल तारखेसह वहीत लिहावा, आणि पट्टी काळी झाल्यास त्याच नळाचा नमुना थायोसल्फेटच्या बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा.